सात करवंट्या, तीन दगड

"मास्तरांनू, आदी थांबूचां खंय तां सांगा. मगे सुरू करा."

मी काही सांगायला तोंड उघडलं की तो हे म्हणायचा. मलाच असं नाही, कुणालाही. भजनीबुवांनी गजर धरला की मागून याचा आवाज यायचा, "बुवानू, थांबूचां खंय?" त्याची आई म्हणजे आमच्या वाडीतली काकी. बाजारात मासे विकायची, त्यामुळे तोंड कसं असेल ते तुम्हीच ओळखा. ती त्याच्यावर सुटली की हा शांतपणे म्हणायचा, "आये, खंयसर थांबतलंस तां सांग, तवसर मी जेवून घेतंय." काकी माशांची पाटी आपटायची आणि दुप्पट आवाजात पहिल्यापासून सुरुवात करायची.

तुम्ही म्हणाल, गमत्या होता पोरगा. मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, या माणसात काहीतरी पाणी मुरतंय. माझा स्वभावच तसा. आमची ही म्हणते, देवळात गेले तरी हे आधी चपला बघतात, मग देव बघतात. खोटं कशाला बोलू, बघतो. त्यात माझ्याकडे शाळा होती आणि शाळेच्याच पडवीत गावचं पोस्ट. सकाळी चार इयत्तांचा एकटा मास्तर, दुपारी दोन तास पोस्टमास्तर. गावात येणारं आणि गावाबाहेर जाणारं प्रत्येक पाकीट माझ्या हाताखालून जायचं. संशयी माणसाच्या हातात असलं काम देऊ नये, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, अशाच माणसाला द्यावं.

काळही तसाच होता. गोवा सुटून तीनचार वर्षं झाली होती, पण चोरून सोनं उतरवणाऱ्या लाँचींच्या गजाली काही सुटल्या नव्हत्या. पुढे पासष्ट सालची लढाई लागली आणि किनाऱ्यावर कंदील लावायची चोरी झाली. शेजाऱ्याने विडी पेटवली तरी लोक म्हणत, कुणाला खूण करतो हा?

अशा दिवसांत तो मुंबईहून आला. लढाईच्या आधी, वैशाखात. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि खोकला. छातीला डाग आहे, सहा महिने घरी पडून राहा, असं डॉक्टरने सांगितलं होतं. मॅट्रिक झालेला गावातला तो दुसराच. मी विचारलं,

"काय करतंस रे मुंबैक?"

"कार्डांका भोकां पाडतंय."

"कसली कार्डां?"

"पुठ्ठ्याची. हिशेबाचां एक मोठां मशीन आसा, तेका वाचूक लागतत."

"मशीन वाचता?"

"भोकां वाचता, मास्तरांनू."

मुंबईतली कुठलीशी सरकारी संस्था पुठ्ठ्याला भोकं पाडायला पगार देते, यावर विश्वास ठेवायला मी काही दूधखुळा नव्हतो. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "आमच्याकडे उंदीर तांच काम फुकट करतत."

पण त्याने लपवलं काहीच नाही, हे मला सांगितलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात पडवीत बसून त्याने मला सगळं सांगितलं होतं. त्या संस्थेत भोकं पाडणारी आठदहा पोरं. मशीनला काय काम करायचं ते लिहून देणारे लोक वेगळे. ते शिकलेले, त्यांचा मान मोठा. असे लोक तयार करायला एक नवा वर्ग निघणार होता. साहेब त्याला म्हणाले होते, "भोकं पाडणाऱ्यांतला एकच जण घेईन. एक अवघड काम आहे. ते मशीनकडून बिनचूक करवून दाखव, जागा तुझी." तेवढ्यात हा आजारी पडला. आता सहा महिन्यांत, इथे गावात बसून, ते काम याला लिहून काढायचं होतं. नाही जमलं तर बरा झाल्यावर पुन्हा भोकं.

"हयसर मशीन खंय आसा?" मी विचारलं.

"पोस्टान," तो म्हणाला.

आणि खरंच तसं सुरू झालं. दर सोमवारी तो चौकटीचे कागद भरून पाकिटात घालून आणायचा. मुंबईत त्याचा एक सोबती ते कागद बघून कार्डांना भोकं पाडणार, मशीन मोकळं असेल तेव्हा त्यात घालणार, आणि मशीनने काय छापलं ते परत पाठवणार. जाऊन यायला आठ दिवस. एक स्वल्पविराम चुकला की आठ दिवस. एक आकडा चुकला की आठ दिवस. मला सांगताना तो हसायचा. "मास्तरांनू, तुमची पोरां पाटयेर चुकली तर थुकी लावून पुसतत. माका एक चूक पुसूक एसटी लागता."

आता असं बघा. हे सगळं मला तोंडाने सांगितलेलं. पण मी पाकीट हातात घेऊन वजन करायचो आणि मनात म्हणायचो, एवढं सविस्तर खरं कुणी सांगतं का? खरं बोलणारा माणूस दोन वाक्यांत आटपतो.

त्यातून त्या करवंट्या. त्याने घराच्या पडवीत तीन सपाट दगड मांडले होते आणि सात करवंट्या घासून गुळगुळीत केल्या होत्या, सात आकारांच्या. मोठीत तिच्याहून लहान, तिच्यात आणखी लहान, अशा सातही एकात एक पहिल्या दगडावर बसवलेल्या. दिवसभर हा त्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर हलवत बसायचा. एका वेळी एकच उचलायची. लहान मोठीत बसते, मोठी लहानीत बसत नाही, त्यामुळे कधी पुढे, कधी मागे. आणि तोंडाने पुटपुट, "सात हलव... सहा हलव... पाच हलव..." मध्येच थांबून कागदावर काहीतरी लिहायचं. सातही तिसऱ्या दगडावर पोचल्या की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या वाडीत माणूस पडवीत बसून जाळं विणतो, विडी ओढतो, फार तर झोपतो. करवंट्या मांडून पुटपुटत नाही. करवंटी, दगड आणि पुटपुटणं या तीन गोष्टी आमच्याकडे एकाच कामासाठी एकत्र येतात, आणि ते काम चांगलं नसतं. शेजारची म्हैस आटली. म्हैस म्हातारी होती, हे कुणाला आठवलं नाही. लोक त्याच्या पडवीसमोरून जाताना पोरांना पदराखाली घ्यायला लागले. काकी स्वतः एके दिवशी पोस्टात येऊन हळूच म्हणाली, "मास्तरांनू, माझो झील दिसभर करटी हयसून थंय आणि थंयसून हय करता. डोक्यान बरो आसा मां?"

मी म्हटलं, "काकी, डोक्यान बरो आसा. म्हणानच माका भय वाटता."

करणीबिरणीवर माझा विश्वास नव्हता. मी शिकलेला. माझा संशय शिकलेल्या माणसाचा होता. लढाई लागल्यावर एक दिवस मुंबईहून त्याचं जाड पाकीट आलं आणि मधल्या सुट्टीत मी ते घरी नेलं. चहाचं आधण चुलीवर होतंच. पाकीट वाफेवर धरलं, गोंद सुटला. ही दारातून बघत होती. म्हणाली, "दुसऱ्याचां पत्र उगडूचां म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला खाऊचां." मी म्हटलं, "देशाचं काम आहे." हिच्याशी मी प्रमाण मराठीत बोललो की ती समजते, की माझी बाजू लंगडी आहे.

आत सोबत्याची चिठ्ठी होती. मला ती आजही पाठ आहे. "तुझं मागचं काम थांबलंच नाही. मशीन बंद करावं लागलं. साहेब चिडले. या खेपेला थांबायची जागा नीट दिलीस म्हणून निभावलं, तरी शेवट अजून चुकतोय. बघ." आणि सोबत एक रुंद कागद, दोन्ही कडांना ओळीने भोकं. त्यावर आकड्यांच्या जोड्या छापलेल्या, शंभराच्या वर. एक-तीन. एक-दोन. तीन-दोन. एक-तीन. दोन-एक. दोन-तीन. एक-तीन. एक-दोन...

आता तुम्ही माझ्या जागी बसा आणि सांगा. किनारा, लढाई, मशीन बंद करावं लागलं, साहेब चिडले, थांबायची जागा. मला तर लख्ख उजेड पडला. मशीन म्हणजे लाँचीचं. एक, दोन, तीन म्हणजे माल उतरवायच्या जागा. एक मालवण, दोन वेंगुर्ला, तीन शिरोडा. माल एकातून तीनात, एकातून दोनात, मग पोलिसांना चकवायला तीनातून दोनात! मी तो कागद वहीत उतरवून घेतला आणि रोज वाचून वाचून पाठ केला. मास्तर माणूस, दोन दिवसांत पाढ्यासारखा म्हणू लागलो. मग पाकीट चिकटवून त्याला दिलं. त्याने उघडलं, कागदावरून बोट फिरवत नेलं, शेवटाला आला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. शेवटची करटी दोनदा उचललंय." मी मनात म्हटलं, नाटक कर बाबा, कर.

गावाने मात्र माझी वाट बघितली नाही. गाव आपल्या रीतीने गेलं. गणपती विसर्जन झाल्यावर देवळात कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे अडलेली गोष्ट देवाला विचारायची असते. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या कळ्या लावतो आणि प्रश्न घालतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यालाही बोलावलं. शाल लपेटून येऊन खांबाला टेकून उभा राहिला. काकी त्याच्या पुढे, कमरेवर हात ठेवून.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, ह्यो झील करटी मांडून गावाचां काय वायट करता आसात, तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले.

बराच वेळ काही नाही. मग डावी कळी पडली. नाही.

झालं ना? नाही झालं. लोकांना हवं होतं ते आलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, वारा आला होता. गुरवालाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "देवा म्हाराजा, आता जो कौल दिलंस, तो खरो आसा तर उजवो दी!" उजवी पडली. तरी एकजण म्हणालाच, "ह्यो तरी खरो कशावरसून?" आणि गुरव, तुम्हाला खोटं वाटेल, तिसरी कळी लावायला लागला.

तेव्हा खांबाकडून आवाज आला. "लावा. मगे त्या कौलाचो कौल लावा. आणि तेचो परत. पण गुरवानू, आदी थांबूचां खंय तां ठरवा. नायतर देवाक सुद्दा दिवाळी येयसर सुटका नाय."

मग पहिली काकी हसली, मग गुरव, मग सगळं देऊळ. मीही हसलो. पण हसता हसता काकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती वळून सगळ्यांना म्हणाली, "माझ्या झिलाच्या छातीत डाग आसा. तेका देवासमोर दोन तास उभो केल्यात. पुरे आता." लोक खाली मान घालून गेले. म्हशीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

गाव थांबलं. मी थांबलो नाही. देवाने निर्वाळा दिला, पण देवाने तो कागद कुठे वाचला होता?

मग ते पाकीट आलं. लढाई थांबली होती, पाऊस ओसरला होता. सोबत्याचं नव्हतं हे. पांढरं, कडक, वर संस्थेचा छाप, पत्ता टाइप केलेला. मी हातात धरलं आणि मला वाटलं, हा छाप खोटा आहे. चोर सरकारी वेषातच येतो. तालुक्याचे फौजदार पंधरवड्याने आमच्या बाजूला फिरतीवर येत. त्यांच्यासमोरच उघडावं, साक्षीपुराव्यासकट. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

तो दुसऱ्या दिवशी आला. "मास्तरांनू, काय इलां?"

"नाय रे."

तिसऱ्या दिवशी आला. "काय इलां?"

"नाय."

फौजदार त्या खेपेला आलेच नाहीत. पोरगा मात्र रोज आला. पोस्ट उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचा. आधी नुसता विचारायचा आणि जायचा. मग बसून राहायला लागला. पुढे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी खचल्यासारखं दिसू लागलं. तो म्हणाला, "ह्या खेपेक बरोबर होतां असा वाटलेलां. सातदा तपासून धाडलंय. बहुतेक परत थांबूक नाय. म्हणान सोबती लिहिना नाय, तेकाच वायट वाटत आसतलां." मी टेबलावर कोपर टेकून बसलो होतो. कोपराखाली खण होता. मी म्हटलं, "येयत. पोस्टाचां काय खरां नाय."

हे वाक्य मी अकरा दिवसांत चारपाच वेळा म्हटलं असेल. लाज वाटते लिहायला, पण म्हटलं.

अकराव्या दिवशी, गुरुवार होता, तो करवंट्याच घेऊन आला. पोरं घरी गेली होती. म्हणाला, "मास्तरांनू, माझां खंय चुकलां तां माका एकट्याक दिसना नाय. कोणाक तरी मोठ्यान सांगूक व्हयां. तुमी नुसते आयका." पडवीत उकिडवा बसला आणि शाळेच्या पायरीशी पडलेले तीन दगड मांडले.

"सात करटी माका ह्या दगडावरसून त्या दगडावर न्हेवची आसत. सात माका जमनत नाय. मगे मी काय करतंय? मी दुसऱ्याक सांगतंय, बाबा, वरची सहा तू मदल्या दगडावर ठेव. मी खालची एक पलीकडे न्हेतंय. मगे तू तुजी सहा माझ्या एकीत आणून घाल. झालां काम."

"तेका सहा जमतत?"

"तेकाय नाय जमनत. तो तिसऱ्याक पाच सांगता. तिसरो चवथ्याक चार."

"म्हणजे सगळे कामचुकार."

तो इतका हसला की खोकला लागला. "होय! पण शेवटच्याक एकच करटी मेळता. तेणां कोणाक सांगूचां नाय. गुमान उचलूची. थंय थांबूचां. मगे एकेक जण आपापलां काम पुरां करीत माघारी येता."

"आणि हे सगळे कोण रे?"

"सगळो मीच, मास्तरांनू. मशीनाक दुसरो कोण मेळतलो? आपणच आपल्याक हाक मारूची, दर खेपेक वायच ल्हान काम देवन. फकत कोणी कोणाक खंयसर सोडलां तां लिवन ठेवूचां, नायतर परत येवचो रस्तो गावना नाय. माझी चूक थंयच आसतली."

मला पहिल्यांदा वाटलं, हा खरं बोलतोय. खोटं बोलणाऱ्याचे डोळे ऐकणाऱ्याकडे असतात. याचे करवंट्यांकडे होते.

"तिनांची करून दाखवतंय," तो म्हणाला. मोठ्या चार बाजूला काढल्या. तीन पहिल्या दगडावर ठेवल्या आणि सगळ्यात लहान उचलून तिसऱ्या दगडावर ठेवली.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आता एकातली दोनात."

त्याने मधली उचलून दोनात ठेवली. मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पाढा सुरू झाला की मास्तर थांबतो का? "तीनातली दोनात. एकातली तीनात. दोनातली एकात. दोनातली तीनात. एकातली तीनात." मी म्हणत गेलो, त्याचा हात चालत गेला, तिन्ही करवंट्या तिसऱ्या दगडावर जाऊन बसल्या. काम संपलं. तो कौतुकाने माझ्याकडे बघायला लागला होता. आणि मी, त्याच चालीवर, पुढचं म्हटलं,

"एकातली दोनात."

तो पहिल्या दगडाकडे बघत राहिला. दगड रिकामा होता.

"मास्तरांनू," तो हळूच म्हणाला, "एकार काय एक उरूक नाय. तीन करट्यांचां काम सात हालचालींत संपता. ह्यां आठवां... ह्यां सात करट्यांच्या कागदावरचां."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तो कागद तुमी खंय बघितलास?"

मी उठलो. जानव्याची किल्ली काढली. खण उघडला आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. "अकरा दिवस झाले," एवढंच म्हणालो.

त्याने पाकीट फोडलं. वाचलं. आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा फुलला हो! "चललां! मास्तरांनू, माझां काम चललां! एकशे सत्तावीस हालचाली, सगळी बरोबर!" मला हाताला धरून हलवलं त्याने. मग खालच्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. कागद माझ्या हातात दिला. सोमवारी सकाळी वर्गाला हजर व्हावं, न आल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल. तो सोमवार तीन दिवसांपूर्वी होऊन गेला होता.

तो ओरडला असता तर मला सोसलं असतं. तो करवंट्या एकात एक बसवत राहिला. सातही बसवल्या आणि म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती." मग गेला.

मी घरी जाऊन साहेबांना पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं पत्र. उमेदवाराचा दोष नाही, पोस्टमास्तरने संशयाने पत्र दाबून ठेवलं, खाली माझी सही. संध्याकाळी त्याच्या घरी घेऊन गेलो. काकी बाजारातून यायची होती. तो ट्रंक भरत होता. त्याने पत्र वाचलं.

"ह्यां धाडलास तर तुमची पोस्टातली जागा जायत. शाळा पण जायत."

"जाऊ दे."

"चार वाडयेंका दुसरो मास्तर खंय आसा? पोरां काय करतली?" त्याने पत्राचे दोन तुकडे केले आणि चुलीत घातले. "आणि आयेक ह्यां सांगू नकात. ती तुमका मासे विकूची नाय."

आणि मी? मी त्याच्या चुलीतून ते तुकडे ओढून काढले का? घरी येऊन दुसरं पत्र लिहिलं का? नाही. रस्त्याने परत येताना मला बरं वाटत होतं. सुटलो, असं वाटत होतं. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट. पाकीट दाबलं ते मूर्खपणाने, हे भित्रेपणाने.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने फोंडाघाटावरून कोल्हापूरला आणि तिथून गाडीने मुंबईला गेला. मी पोचवायला गेलो नाही.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात ते खरं. तो गेल्यावर मला वाटू लागलं, हा तिकडे जाऊन तक्रार करणार. समोर चांगुलपणा दाखवला, मागून अर्ज करेल. प्रत्येक एसटीला मी दचकायचो, इन्स्पेक्टर उतरतोय का बघायचो. महिना गेला. कुणी आलं नाही. त्याचं पत्र आलं, काकीच्या नावाचं.

काकीला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं मीच वाचून दाखवायचो. ती पडवीत पाटी उतरवून बसली, पदराने हात पुसले. म्हणाली, "वाचा." मी उघडलं. आपलं पत्र कोण वाचणार हे त्याला ठाऊकच होतं. लिहिलं होतं: प्रकृती बरी आहे. कार्डांच्या कामावर पुन्हा लागलो. वर्गातली जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी विचारलं, पत्र मिळून उशीर का केलास? मी म्हटलं, माझ्याच आळसाने उशीर झाला. साहेब म्हणाले, अशा माणसाला हे काम जमणार नाही. पण मी पुन्हा खटपट करीन. काळजी करू नकोस. मास्तरांना नमस्कार.

मी सगळं वाचलं, नमस्कारासकट.

काकी भडकली. "मेल्याचो आळस! ल्हानपनापासून तसोच! सहा महिने करटी हलवत बसलो, आणि वेळ इल्यार झोपलो! सांगा मास्तरांनू, आता मी काय करू? लिवा तेका, आवस म्हणता, तुका लाज वाटना नाय?" तिचे डोळे भरून आले होते. मला म्हणाली, "लिवा. कित्या गप बसलास?"

मी पेन उचललं. 'चिरंजीव' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

"काकी," मी म्हटलं, "तेचो आळस नव्हतो. पत्र माझ्याकडे होतां. अकरा दिवस. मी दिलंय नाय."

तिला आधी समजलंच नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. वाफेवर उघडलेलं पाकीट, खण, किल्ली, चुलीत घातलेलं पत्र, सगळं. वाडीला सात दिवस पुरेल इतकं बोलणारी ती बाई एक अक्षर बोलली नाही. माझ्या हातातून पत्र घेतलं, चार घड्या घातल्या, कनवटीला खोचलं. पाटी उचलायला मी पुढे झालो तर तिने हात मध्ये घातला आणि स्वतः उचलली.

त्यानंतर त्याची पत्रं येत राहिली. मी नेऊन द्यायचो, ती दारात उभी राहून घ्यायची. मग तरीतून खाडी ओलांडून पलीकडच्या गावात एका शिंप्याकडे जायची आणि ती वाचून घ्यायची. जायला यायला अर्धा दिवस जायचा तिचा. पावसातही जायची. पुढे त्याचं काय झालं, तब्येत कशी आहे, पुन्हा वर्गाला बसला का, हे मला कधी कळलं नाही. त्याला मी कधी लिहिलं नाही. काय लिहिणार? तोही पुन्हा गावात आला नाही. मी मात्र वरच्या इयत्तेच्या पोरांना तीन दगड मांडून ते करवंट्यांचं काम शिकवायला लागलो. ते मला शिकवता येतं. ते त्याने शिकवलं, असं पोरांना सांगतो.

दोनेक वर्षांनी, साखर रेशनवर होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी काकी वाटीत साखर घेऊन वाडीत घरोघरी फिरत होती. आमच्या दारातही आली. मी आत होतो, दाराआड उभा राहिलो. हिने विचारलं, "कसली गो साकर, काकी?"

"झिलाची."

"लगीन ठरलां?"

"नाय."

"मगे कसली?"

काकीने सांगितलं नाही. हिच्या तळहातावर साखर ठेवली. पायऱ्या उतरली. अंगणात थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "अर्दी तेंका दी."

ही आत आली आणि तिने मूठ उघडली. मी ती साखर तोंडात टाकली, आणि मला रडू आवरेना. ती कसली होती हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.